मुलं प्रश्न विचारतात, यंत्र शब्द मागतं

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला पंधरा मिनिटं दिली आणि विषय दिला 'शिक्षण आणि तंत्रज्ञान'. दहा गुणांचा निबंध दोन ओळींत लिहा म्हटल्यासारखं झालं हे. म्हणून मी त्यातला एकच कोपरा उचलते. पहिली ते चौथीतली मुलं माहिती कशी शोधतात, आणि त्यांच्यासाठी एखादं साधन बनवायचं तर ते कसं असावं, एवढंच. हा कोपरा निवडायला कारण आहे. आपल्या तुकडीच्या निधीतून प्राथमिक विभागाला वीस टॅब द्यावेत असा प्रस्ताव आहे आणि तो आजच दुपारच्या बैठकीत ठरणार आहे. ग्रुपवर त्याला इतके अंगठे मिळालेत की वेगळं बोलणारी मी एकटीच उरले. तेव्हा जेवणाआधीच बोलून घेते. श्रीखंड खाऊन झाल्यावर माझं कोण ऐकणार!

आपण माहिती कशी शोधत होतो ते आठवा. कपाट एकच, त्याला कुलूप, आणि किल्ली शिपाईमामांकडे. आत मराठी विश्वकोशाचे काही खंड होते. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींच्या नेतृत्वाखाली वाईला उभं राहिलेलं ते काम, पहिला खंड १९७६चा. आपल्यापैकी किती जणांनी ते खंड उघडले होते, हे मी विचारत नाही, कारण बाई समोर बसल्या आहेत. आपली खरी शोधयंत्रं म्हणजे नवनीत आणि २१ अपेक्षित. त्यात उत्तरं आधीच तयार असायची, प्रश्न परीक्षेत यायचे. आणि सगळ्यात भरवशाचं शोधयंत्र म्हणजे बाई. "बाई, ते हे असतं ना, पावसाळ्यात भिंतीवर, लांबडं, खूप पाय असतात..." एवढं म्हटलं की बाई म्हणायच्या, "गोम." आपल्याकडे नाव नसायचं. वर्णन असायचं, हातवारे असायचे, थोडी भीती असायची. बाईंना तेवढं पुरायचं. यंत्राला ते पुरत नाही. यंत्र आधी नाव मागतं.

गेली तीन वर्षं शनिवारी सकाळी मी काळेवाडीतल्या एका अभ्यासिकेत लहान मुलांबरोबर बसते. आपल्या वेळी वर्गात दोन-तीन जण बाहेरगावचे असायचे, आता उलटं आहे. लातूर, बीड, बुलढाणा, यवतमाळ, कलबुर्गी, कुठून कुठून आलेली घरं. आईवडील चाकणला, भोसरीला, तळवड्याला पाळीवर. तिसऱ्या पाळीहून आलेला बाप दिवसा झोपलेला असतो. आई चार घरची कामं करून किंवा पॅकिंग लाइनवर उभी राहून येते. मुलाने "हे का?" विचारलं की उत्तर मिळतं, "मोबाइलमध्ये बघ." यात मी आईबापांना दोष देत नाही. पण यामुळे एक गोष्ट झाली आहे. मोबाइल ज्याचं उत्तर देत नाही तो प्रश्न त्या घरात हळूहळू विचारलाच जात नाही.

दुसरीतल्या एका मुलीचा प्रश्न सांगते. पवनेवर पांढऱ्या फेसाचे थर आले होते आणि ती रोज पुलावरून ते बघत होती. तिने विचारलं, "नदीवर फेस का येतो?" मी म्हटलं, शोध बघू. तिने एकेक अक्षर हुडकत 'फेस' एवढं लिहिलं आणि तेवढ्यातच दमली. समोर काय आलं असेल? फेस वॉश, फेस पॅक, आठ दिवसांत उजळ चेहरा! तिला ते चूक वाटलं नाही, हे मला जास्त लागलं. ती एका मागोमाग एक चेहरे बघत बसली आणि नदी विसरली.

यंत्राच्या बाजूने बघाल तर त्याने काही वावगं केलं नाही. 'फेस' लिहिणाऱ्या बहुतेक मोठ्या माणसांना चेहराच हवा असतो. आणि फेसाची माहिती जगात नाही असंही नाही. घराघरांतून येणारं साबणाचं, धुण्याच्या पावडरीचं पाणी पूर्ण शुद्ध न होता नदीत येतं. ते बंधाऱ्यावरून खाली आपटलं की त्यात हवा मिसळते आणि फेस धरतो. आम्ही पुढच्या शनिवारी बादली, साबणाचा चुरा आणि तांब्या घेऊन ते करून पाहिलं. पण हीच माहिती जिथे लिहिलेली आहे तिथे ती सांडपाणी प्रक्रिया केंद्रांच्या क्षमतेच्या आकड्यांत आणि अहवालांच्या भाषेत आहे. सात वर्षांच्या मुलीच्या मापाचं त्यात काही नाही.

अमेरिकेत मेरीलँड विद्यापीठात ॲलिसन ड्रुइन नावाच्या संशोधक आणि त्यांचे सहकारी वर्षानुवर्षं याच गोष्टीमागे होते. त्यांनी गूगलच्या सहकार्याने ७, ९ आणि ११ वर्षांच्या मुलांच्या घरी जाऊन ती कशी शोधतात ते पाहिलं. मुलं सबंध वाक्य लिहितात, जसं माणसाला विचारावं तसं. स्पेलिंगपाशी अडतात. पडद्यावर यंत्र शब्द सुचवत असतं, पण मुलांची नजर कळफलकावर अक्षरं शोधत असते, त्यामुळे ती मदत दिसतच नाही. मला हे वाचून हसू आलं आणि लाजही वाटली, कारण ती सुचवण्याची सोय आम्ही अभियंते किती अभिमानाने बनवतो! त्यांनी मुलांना एक कठीण प्रश्न दिला होता. पुढच्या वर्षी उपराष्ट्राध्यक्षांचा वाढदिवस कोणत्या वारी येईल? हा दिसायला एक प्रश्न आहे, शोधायला तीन. उपराष्ट्राध्यक्ष कोण, त्यांची जन्मतारीख कोणती, आणि त्या तारखेला वार कोणता. प्रश्नाचे असे तुकडे पाडणं हे शोधण्यातलं खरं कौशल्य आहे. ते बटणं दाबून येत नाही, कुणीतरी शेजारी बसून दाखवावं लागतं.

ही झाली इंग्रजीत शोधणाऱ्या मुलांची गोष्ट. मराठीत तिच्यावर आणखी चार थर चढतात, आणि हे सांगताना मी जरा रेंगाळणार आहे, कारण हा माझ्या रोजच्या कामाचा भाग आहे.

पहिला थर लिहिण्याचा. 'ज्ञ' लिहायला काही मराठी कळफलकांवर ज, मग पाय मोडायची कळ, मग ञ. पहिलीतल्या मुलाने ञ कधी पाहिलेला असतो तर तो मुळाक्षरांच्या तक्त्यावर, आणि तिथेही त्याच्यासमोर चित्र काय काढायचं हा तक्तेवाल्यांना प्रश्नच असतो. रोमन अक्षरांत लिहून मराठी उमटवायची सोय आहे, पण त्यासाठी आधी इंग्रजी अक्षरं यायला हवीत. म्हणजे मराठीत शोधायला इंग्रजी लागतं.

दुसरा थर विभक्तीचा. आपल्या भाषेत शब्द प्रत्यय लागताना रूप बदलतो. पाऊस आणि पावसात, मासा आणि माशाला, हे आपल्याला एकच शब्द वाटतात. साध्या शोधयंत्राला ते दोन वाटतात, शिकवल्याशिवाय कळत नाहीत. आमच्या अभ्यासिकेत एकाने विचारलं, "माशांना झोप येते का?" आता हे मासे की माश्या? लिहिताना 'माशांना' आणि 'माश्यांना' असा फरक आहे, पण बोलताना कानाला जवळजवळ सारखंच, आणि दुसरीतल्या मुलाच्या शुद्धलेखनात तर विचारूच नका. बाई असत्या तर म्हणाल्या असत्या, "कुठल्या रे? पाण्यातल्या की गुळावरच्या?" चांगल्या यंत्राने नेमकं हेच करायला हवं. शेजारी शेजारी दोन चित्रं दाखवावीत आणि बोट ठेवायला सांगावं. हे बनवायला फार मोठी विद्या लागत नाही. असा उलट प्रश्न विचारायला हवा हे सुचावं मात्र लागतं.

तिसरा थर गावांचा. साताऱ्याची मुलगी कलिंगड म्हणते, लातूरचा मुलगा टरबूज म्हणतो. बुलढाण्याकडचं मूल पेरूला जाम म्हणतं, आणि 'जाम' शोधलं की वाहतूक कोंडी येते नाहीतर पावाला लावायचा जॅम. यवतमाळच्या मुलाच्या घरी कोथिंबीर म्हणजे सांबार. त्याने सांबाराची शेती शोधली तर त्याला इडली दिसते. ही चूक मुलाची नाही. तोही मराठीच बोलतोय. पण दोन-तीनदा असं झालं की मूल स्वतःच ठरवतं की आपल्या घरचा शब्द चुकीचा. साधन बनवणाऱ्याने या शब्दांची यादी करून एकमेकांना जोडली तर हे टळतं. अशी यादी कुठल्याही कंपनीपेक्षा काळेवाडीतल्या एका वर्गात जास्त लवकर तयार होईल, कारण इथे एका बाकावर दोन-तीन जिल्हे बसतात.

चौथा थर तुम्हाला दिसणार नाही, आम्हालाच दिसतो. 'दऱ्या' या शब्दातला 'ऱ्या' संगणकात दोन वेगवेगळ्या प्रकारे साठवता येतो. डोळ्यांना अक्षर एकच, यंत्राला दोन. 'ॲप'मधल्या 'ॲ'चीही तीच तऱ्हा. एका प्रकारे लिहिलेलं पुस्तक दुसऱ्या प्रकारे शोधलं तर 'काहीही सापडले नाही' असं उत्तर येऊ शकतं. याच्यावरचा उपाय माहीत आहे आणि फार अवघडही नाही. पण तो करायचा राहून जातो, कारण मराठीत शोधणारं लहान मूल तक्रार नोंदवत नाही. ते फक्त उठून जातं.

आता बनवायचं कसं? मला सगळ्यात आवडलेलं उदाहरण पुन्हा मेरीलँडचंच आहे. तिथे २००२मध्ये मुलांसाठी आंतरराष्ट्रीय डिजिटल ग्रंथालय सुरू झालं. ते बनवताना त्यांनी मुलांनाच बरोबर घेतलं. नुसतं "आवडलं का?" विचारण्यासाठी बोलावलं नाही, तर आराखडा काढायला मोठ्यांच्या बरोबरीने बसवलं. मोठ्यांना वाटत होतं की मुलं पुस्तक लेखकाच्या नावाने किंवा विषयाने शोधतील. मुलांनी काय मागितलं? मुखपृष्ठाचा रंग. लाल पुस्तक, निळं पुस्तक. पुस्तक जाड की बारीक. गोष्ट खरी की काल्पनिक. त्यात मुलं आहेत की प्राणी. आणि विचार केला तर आपणही तसंच नाही का शोधत? "ते निळं पुस्तक होतं बघ, वरच्या फळीवर." त्या ग्रंथालयात हे सगळं चित्रांच्या मोठ्या बटणांवर आलं, लिहिण्याची गरजच ठेवली नाही. पुढे त्यांच्या असंही लक्षात आलं की कप्प्यात कप्पा, त्यात आणखी कप्पा अशी रचना मुलांना नीट पेलत नाही. सगळी बटणं एकाच पडद्यावर समोर ठेवली की मुलं दोन गोष्टी एकत्र जोडून छान शोधतात.

आवाजाचं काय, असं तुम्ही म्हणाल. गूगलवर २०१७पासून मराठीत बोलून लिहिता येतं. उपयोग होतोच, नाही असं नाही. पण ही यंत्रं मुख्यतः मोठ्यांच्या आवाजावर शिकलेली असतात. मुलांचा स्वरमार्ग आखूड, आवाज बारीक, उच्चार अजून घडत असलेले, त्यामुळे चुका जास्त. त्याहून मोठी अडचण थांबण्याची आहे. मूल म्हणतं, "ते... म्हणजे... नदीवर..." आणि विचार करायला थांबतं. यंत्राला वाटतं, बोलणं संपलं. ते अर्ध्या वाक्यावर उत्तर आणून टाकतं. बाईंनी कधी असं केलं नाही. बाई वाट बघायच्या. मुलांच्या मापाने बनवलं तर यंत्रही ऐकू शकतं. गूगलनेच २०१९मध्ये 'बोलो' नावाचं वाचनाचं ॲप हिंदी आणि इंग्रजीत आणलं, २०२०मध्ये ते 'रीड अलाँग' या नावाने मराठीतही आलं. मूल मोठ्याने वाचतं, यंत्र ऐकतं, अडेल तिथे शब्द सांगतं. म्हणजे जमतं. ठरवावं लागतं, एवढंच.

पाठ्यपुस्तकातल्या क्यूआर कोडबद्दल काही जण मला विचारतात. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत शिकवलेले रणजितसिंह डिसले गुरुजी आपल्याला माहीत आहेत, २०२०चा ग्लोबल टीचर प्राइज त्यांना मिळाला आणि बक्षिसाची निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या बाकीच्या नऊ शिक्षकांना वाटून दिली. क्यूआर कोडची मोठी सोय ही की काही लिहावंच लागत नाही, कॅमेरा धरला की मजकूर उघडतो. मला ते काम मोलाचं वाटतं. पण कोड पुस्तकातल्या प्रश्नाचं उत्तर देतो. नदीवरच्या फेसावर कुणी कोड चिकटवलेला नसतो.

आणि आता प्रस्तावाकडे येते. टॅब देऊन ठेवले की मुलं आपोआप शिकतील, ही आशा जुनी आहे. १९९९मध्ये सुगाता मित्रांनी दिल्लीत कालकाजीला भिंतीत भोक पाडून संगणक बसवला, रस्त्यावरची मुलं तो आपले आपण चालवायला शिकली, आणि जगभर नाव झालं. ती गोष्ट खरी आहे. पण दिल्लीतल्या अशाच एका ठिकाणाबद्दल मार्क वॉर्शॉर या अभ्यासकाने २००२मध्ये लिहिलं की मुलांचा बहुतेक वेळ चित्रं रंगवण्यात आणि खेळांत जातो, आणि हिंदीत त्यांच्यासाठी काही नाही. स्वतः मित्रांनी पुढे कलिकुप्पमला जो प्रयोग केला तो मला जास्त बोलका वाटतो. तिथे तमिळ मुलांसमोर जैवतंत्रज्ञानासारखा अवघड विषय ठेवला. मुलांनी एकट्याने थोडी मजल मारली. मग एक मोठी व्यक्ती त्यांच्याजवळ बसवली, जिला तो विषय येत नव्हता. तिने फक्त आजीसारखं करायचं, "अगं बाई, हे कसं केलंस? मला दाखव ना!" मुलं आणखी पुढे गेली. मित्रा त्याला आजीचीच पद्धत म्हणतात.

म्हणून माझी सूचना अशी. वीस टॅबऐवजी सहा साधे संगणक घेऊ, प्रत्येकासमोर दोन स्टुलं. दोन मुलं एकत्र बसली की मोठ्याने बोलतात, भांडतात, "तसं नाही, असं लिही" म्हणतात, आणि त्यातच प्रश्न नीट घडतो. टॅबवर मूल एकटं पडतं. उरलेल्या पैशातून शाळा सुटल्यावर दोन तास बसणाऱ्या एका ताईचं मानधन निघेल. तिला संगणक फार आला नाही तरी चालेल, वाट बघता यायला हवी.

पडद्यावरचं साधन मी आणि माझे दोन सहकारी सुट्टीच्या दिवशी बनवून देतो, त्याचे पैसे नकोत. चित्रांची बटणं, एक माइक, पाच-सहा वाक्यांची उत्तरं आणि ती वाचून दाखवणारा आवाज. विश्वकोश आता संकेतस्थळावर मोफत आहे, कुमार विश्वकोशही आहे. त्यांतून आणि मराठी विकिपीडियातून मजकूर निवडून सोपा करावा लागेल. हे मराठीच्या आपल्या निवृत्त शिक्षकांशिवाय होणार नाही, सर, मी तुमच्याकडेच बघून बोलतेय. हल्ली प्रश्न विचारला की सलग उत्तर लिहून देणारी यंत्रं आली आहेत, तीच का नको असंही कुणी विचारेल. ती मराठी बरी बोलतात आणि चुकतानाही तितक्याच ठामपणे बोलतात. मोठ्यांना शंका घेता येते. सात वर्षांच्या मुलाला छापलेलं सगळं खरं वाटतं. म्हणून निदान चौथीपर्यंत माणसाने तपासलेली पानंच.

मुलांची नावं, फोटो, लॉगिन काहीही मागायचं नाही. २०२३च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालच्यांची माहिती घ्यायला पालकांची संमती लागते आणि त्यांच्यावर पाळत ठेवायला, त्यांना हेरून जाहिराती दाखवायला मनाई आहे. फुकट मिळणारं एखादं ॲप शाळेत आणण्याआधी हे कुणीतरी वाचायला हवं. आपल्या तुकडीत दोन वकील आहेत, त्यांनी वाचावं.

आणि शेवटची गोष्ट, जी मला संगणकांहून महत्त्वाची वाटते. ज्या प्रश्नाचं उत्तर सापडलं नाही तो प्रश्न यंत्राने जपून ठेवायचा, मुलाच्या नावाशिवाय. महिन्याला ती यादी आपल्या ग्रुपवर येईल. आपल्यात फाउंड्रीत काम केलेले आहेत, नर्स आहेत, दोघं अजून शेती करतात, एक जण पाणीपुरवठ्याचं काम बघतो. लोखंड वितळल्यावर त्याचा वास येतो का, हा प्रश्न माझ्याकडे चार महिने पडून आहे. ज्याला माहीत आहे त्याने दोन मिनिटं बोलून आवाज पाठवावा, तो त्या पानावर चढेल. गुड मॉर्निंगच्या फुलांसाठी आपण जेवढा वेळ देतो त्याच्या निम्म्यात हे होईल.

बैठक दोन वाजता पाचवी 'ब'च्या वर्गात आहे. शनिवारी कोण येऊ शकेल याची वही मी तिथे टेबलावर ठेवते. पहिल्या दोन शनिवारांसमोर माझं नाव लिहिलं आहे, तिसऱ्यापासून रकाने रिकामे आहेत.